आतल्या कडीवर तीन ठोके

बेरिंग बसलं. बसल्यावर मी त्यात बोट घालून ते फिरवून पाहिलं, तेव्हा एका ठिकाणी बोटाला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे फार काही नाही. भात खाताना दाताखाली खडा येतो तसा खडासुद्धा नव्हे, खडा येऊन गेल्याची नुसती शंका. मी पुन्हा फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं, आणि साधारण त्याच जागी, की थोडं अलीकडे, पुन्हा ते. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून मी बसलो होतो. गॅसवरचा जुना तवा अजून धुमसत होता, तापलेल्या गिअर ऑइलचा वास सकाळच्या फोडणीवर चढून बसला होता, बाहेरच्या ओट्यावर आई पोथी वाचत होती. आतल्या खोलीतून योगिनीनं विचारलं, बसलं का. मी म्हटलं, बसलं. यात खोटं काही नव्हतं. बसलं होतंच. रविवार होता, सकाळचे साडेदहा झाले होते, आणि त्या क्षणापर्यंत मी एक सुखी माणूस होतो असं मला आता वाटतं, जरी तेव्हा तसं काही वाटत नव्हतं.

योगिनी माझी बायको. मोताळ्याच्या कचेरीत कारकून आहे. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला, डाव्या पायात जोर नाही, मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो. तो घातला की ती चालते आणि स्कूटरवर बसली की पळते. स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक आहे, ते आमच्या शेजारच्या हैदर मिस्त्रींनी लावून दिलेलं. आठ वर्षं झाली, ती रोज सकाळी बुलढाण्याहून निघते, राजूर घाट उतरते आणि संध्याकाळी चढून परत येते. मी गावातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि मला कुठलीही गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा बेताचीच. इंजिनाच्या आतल्या सगळ्या हालचाली फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी काढून दाखवणारा हा माणूस शाळेत मात्र पायी येतो, याची पोरांना फार मौज वाटते. मलाही वाटायची, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या सोमवारी घाट चढून येताना स्कूटरच्या मागच्या भागातून घरघर यायला लागली. हैदरभाईंनी उघडून पाहिलं. इंजिनाला मागे गिअरचा एक डबा असतो, त्यातून दांडा बाहेर येतो आणि मागचं चाक फिरवतो. तो दांडा ज्या बेरिंगमध्ये फिरतो ते गेलं होतं. काढताना त्याचे तुकडेच हातात आले. कंपनीचं बेरिंग यायला तीन आठवडे, म्हणून त्यांनी मलकापूरहून बाहेरचं मागवलं. बाहेरचं म्हणजे त्याच मापाचं, पण कुणी केलं ते डबीवरून कळत नाही असं. शुक्रवारी ते आलं. हैदरभाईंनी डब्याच्या तोंडाशी धरून पाहिलं, नखानं कड चाचपली आणि म्हणाले, थोडं टाइट आहे, पण टाइट परवडलं, ढिलं वाईट. त्यांची पद्धत अशी की बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं म्हणजे ते आकसतं, डबा तव्यावर तापवायचा म्हणजे तो पसरतो, मग बेरिंग अलगद आपल्या जागी उतरतं, हातोडीला हात लावावा लागत नाही. त्यांनी ते पिशवीत घालून आपल्याच घरच्या फ्रीजरमध्ये टाकलं. शनिवारी बकरी ईद होती. रविवारी पहाटे त्यांना कुर्बानीचा हिस्सा घेऊन बहिणीकडे पिंपळगाव राजाला जायचं होतं, सोमवारी रात्री परत. मंगळवारी सकाळी बसवून देतो, म्हणाले. योगिनी म्हणाली, काही घाई नाही भाऊ, सण करा निवांत. घाई कुणालाच नव्हती. मलाच होती.

मला का होती तेही सांगतो, नाहीतर मी उगाच शहाणपणा करायला गेलो असं वाटेल. गेल्या मंगळवारपासून योगिनी जीपनं जात होती. एसटीची पायरी उंच, ती तिला साधत नाही. बुधवारी संध्याकाळी ती घरी आली, मोरीपाशी स्टुलावर बसून हात धुतले आणि तुरीची डाळ सरली हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात म्हणाली, "आज मले दोघांनी उचलून जीपमधी बसवलं." ड्रायव्हर मागच्या लोकांना म्हणाला होता, सरका थोडं, म्याडमले चढवाचं हाय. चढवाचं. पोतं चढवतात, तुऱ्हाट्यांचा भारा चढवतात. ते दोघे भले लोक होते, असंही तिनं सांगितलं, एकानं तर आधी विचारलं, ताई, हात लावू का. मी विचारलं, मग? मग काय, हो म्हटलं, असं म्हणून ती टॉवेलला हात पुसत आत गेली आणि गवार निवडायला बसली. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत. घराचा उंबरठा ओलांडताना मी हात पुढे केला तर ती अजून माझ्या हाताकडे न बघता बाजूनं निघून जाते. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा, मग अभिमान वाटायला लागला, मग ते दिसेनासं झालं, घरातली एखादी खुंटी दिसेनाशी होते तसं. बुधवारी ते पुन्हा दिसलं. एकानं काखेत हात घातले असतील, दुसऱ्यानं पाय धरले असतील, आणि पाय धरणाऱ्याच्या हाताला साडीखालच्या लोखंडी पट्ट्या लागल्या असतील, तेव्हा तो क्षणभर थबकला असेल की नाही. गुरुवारी तिनं काहीच सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. म्हणजे ते रोजचंच झालं होतं. मी मात्र गवारीची भाजी बघितली तरी ती दोन माणसं बघत होतो.

वस्तू तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. हे वाक्य मी अठरा वर्षं सांगत आलो. त्यासाठी शाळेत साखळीला लटकवलेला एक पितळी गोळा आणि एक कडं आहे. थंड गोळा कड्यातून जातो, तापवला की जात नाही, निवला की पुन्हा जातो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तपासणीला साहेब आले होते, मागच्या बाकावर बसले होते, आणि स्पिरिटचा दिवा नीट पेटत नव्हता. गोळा पुरेसा तापला नव्हता. मी तो कड्यावर ठेवला आणि साखळीवरून मला कळलं की हा आता आरपार जाणार. मी साखळी किंचित ताणून धरली. गोळा कड्यावर टेकल्यासारखा दिसत राहिला. अडकला, मी म्हणालो. चाळीस पोरांनी वहीत लिहिलं, अडकला. साहेब चहा घेऊन गेले, शेरा चांगला दिला. आता त्या चाळीस पोरांपैकी कुणी चिखलीला कापसाच्या धंद्यात आहे, कुणी पुण्याला आहे, आणि त्या सगळ्यांना जे ठाऊक आहे ते खरंच आहे, कारण नियम खरा आहे. फक्त त्या दिवशी माझ्या हातात तो खरा नव्हता. ही गोष्ट मी योगिनीलासुद्धा सांगितलेली नाही. सांगण्यासारखी वाटलीच नाही.

रविवारी सकाळी भिंतीवरून बानोभाभींना हाक मारून मी बेरिंग मागितलं. बानोभाभी म्हणजे हैदरभाईंची बायको. सणाच्या दुसऱ्या दिवसाची पाहुण्यांची वर्दळ होती, त्यांच्या हाताला पीठ होतं. ते आले की बसवतील की, घाई कायची, असं त्या म्हणाल्या, तरी आत जाऊन बेरिंग घेऊन आल्या. पांढऱ्या स्वच्छ फडक्यात बांधलेलं. हातात घेतलं तेव्हा गार लागलं. जूनच्या उकाड्यात, घामेजल्या हाताला चांगलं गार लागलं. हात हा तापमापक नव्हे, हे शिकवायला माझ्याकडे तीन वाट्यांचा प्रयोग आहे: एका वाटीत गरम पाणी, एकीत गार, मधलीत कोमट. पोरं एक हात गरमात, एक गारात धरतात, मग दोन्ही मधल्या वाटीत घालतात आणि एकाच पाण्याला एक हात गरम म्हणतो, दुसरा गार. पोरं चकित होतात. मी दर वर्षी त्यांचं चकित होणं बघतो. बेरिंगवर हिमाचा कण नव्हता, पांढरट धूर निघत नव्हता, हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी म्हटलं, फडक्यानं पुसून निघालं असेल.

डबा तव्यावर ठेवला. पाण्याचा थेंब टाकला तर नाचायला लागला, हीच हैदरभाईंची खूण. दोन जाड फडक्यांनी धरून डबा खाली घेतला, बेरिंग तोंडावर सरळ ठेवलं आणि वाट बघितली. ते थोडं उतरलं. पाव भाग असेल. मग थांबलं. मी अंगठ्यांनी दाबलं, अंगठे भाजले, ते हललं नाही. आणि तेव्हा मला कळत होतं की काय चाललं आहे. तापलेला डबा निवत होता, गार बेरिंग तापत होतं. एक आकसत होता, दुसरं फुगत होतं, माझ्या डोळ्यांदेखत, अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे, आणि त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. असा अर्धवट अडकलेला डबा मंगळवारपर्यंत तसाच ठेवला असता तर काही बिघडलं नसतं, हे आता सुचतं. तेव्हा एकच सुचलं, ठोकायचं. बेरिंगला दोन कड्या असतात, एक बाहेरची, एक आतली, आणि मधे छर्रे. डब्यात बसवताना ठोकायची वेळ आलीच तर बाहेरच्या कडीवर ठोकायचं. आतल्या कडीवर ठोकलं तर तो मार छर्र्यांतून जातो आणि छर्रे कडीला खळगे पाडतात, डोळ्याला न दिसणारे. बेरिंग फिरतं, नव्यासारखं फिरतं, आणि मग शंभर किलोमीटरनं म्हणा, दहा हजारांनी म्हणा, कधीतरी जातं. हे मला हैदरभाईंनी शिकवलेलं नाही. मीच एकदा त्यांच्या दुकानात बसून त्यांना त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं, खाली कागदावर आकृती काढून. त्यांनी कौतुकानं ऐकलं होतं. बाहेरच्या कडीच्या मापाची नळी त्यांच्या पेटीत होती, पेटीला कुलूप होतं, किल्ली पिंपळगाव राजाला होती. माझ्याकडे चाकाचा नट खोलायचा पाना होता. त्याचं गोल तोंड आतल्या कडीवर बसत होतं. अगदी बरोबर बसत होतं, त्यासाठीच घडवल्यासारखं.

तीन ठोके मारले. पहिल्याला ते हललं. दुसऱ्याला पाऊण आत गेलं. तिसऱ्याला आवाज बदलला, भरीव झाला, आणि हैदरभाई असते तर त्यांनी त्याच आवाजावरून सांगितलं असतं की पोचलं. तिसरा ठोका मारताना माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं, आणि ते विज्ञान नव्हतं. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा दोन माणसांचे हात होते.

दुपारी मी हैदरभाईंना फोन लावला. सांगायला लावला की विचारायला, हे मी ठरवलं नव्हतं. पलीकडे जेवणावळीचा गलका होता, लहान मुलं ओरडत होती. बसवलं म्हटल्यावर ते मनापासून हसले, बहिणीलाही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की आमच्या सरांनी बेरिंग बसवली. मग गलक्यातून बाजूला आले असावेत, कारण आवाज एकदम जवळ आला. "ठोकाव लागलं का सर? आन ठोकलं त कायवर? भायेरच्या कडीवर ना?" मिस्त्री हातातल्या वस्तूकडे न बघता नेमक्या जागी बोट ठेवतो, तसा प्रश्न. मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, मंग काही भेव नाही. इतकं सोपं होतं ते. हो म्हणायला मला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात नाही म्हणता आलं असतं, तो शब्द एकाच अक्षरानं लांब आहे. पण त्या माणसानं बहिणीला सांगितलं होतं. आणि मी सर होतो.

दुपारभर मी सगळं जोडलं. डबा, चाक, जादा चाकांची चौकट, तेल. नट एकेक आवळताना मला समाधान वाटत होतं हे कबूल करायला हवं. खोलीत पसारा होता तो कमी कमी होत गेला आणि शेवटी वर्तमानपत्रावर काहीच उरलं नाही. स्कूटर स्टँडवर चढवून योगिनीनं चालू केली. मागचं चाक फिरलं. मी कान लावला. इंजिनाचा आवाज होता, पट्ट्याचा होता, सायलेन्सरचा होता, गल्लीतल्या कुणाच्या तरी टीव्हीचा होता, आणि या सगळ्यांच्या खाली काही असेल तर ते मला ऐकू येत नव्हतं. येत नव्हतं की नव्हतंच, हे कुणाला विचारायचं. योगिनीनं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि परत आली. येताना तिचा चेहरा असा होता की मी दुसरीकडे बघितलं. सहा दिवस हा चेहरा घरात नव्हता आणि आम्हाला कुणालाच त्याची आठवण झाली नव्हती. माझी आई, मंजुळाबाई, ओट्यावरून उठून हळदकुंकवाची वाटी घेऊन आली, चाकाला लावलं, हँडलला लावलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्याही कपाळाला लावलं. योगिनी म्हणाली, "आता तुमी शाळा सोडा, दुकान टाका." ती हसत होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिनं कोथिंबीर माझ्या हातात दिली आणि मी ती आत नेऊन ठेवली.

पाचच्या सुमाराला बानोभाभी शेवयांची खीर घेऊन आल्या. आई माळकरी आहे, म्हणून आमच्याकडे त्या सणाला खीरच देतात, वेगळ्या पातेल्यात केलेली, आणि दर वर्षी तसं सांगतात. आईही दर वर्षी, मले माहीत हाय बाई, असं म्हणते. त्यांनी स्कूटरकडे बघितलं, हळदकुंकू बघितलं आणि खूश झाल्या. मग म्हणाल्या, "बेरिंग बसली ना बराबर? मी थे कालच फ्रीजरमधून काढली होती सर. ज्याइच्या घरी फ्रीज नाही त्याइचे हिस्से आमच्या इथं ठेवतात ना. सारा फ्रीजर मटनानं भरला. म्हटलं, आई माळकरी, आई याच गाडीवर बसून देवळात जातात, मटनाजवळ कशी ठेवू? साफ कपड्यात बांधून खाली दुधाजवळ ठेवून देली." मिस्त्रींची एरवीची बेरिंगं त्या फ्रीजरमध्ये मटणाशेजारी, बर्फाशेजारी, कशाच्याही शेजारी पडलेली असतात. हे एकच त्यांनी उचललं होतं, आमचं म्हणून. मी म्हटलं, बरं केलं भाभी. दुसरं काय म्हणणार. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर मला फार हलकं वाटलं. सापडलं कारण, वाटलं. माझा दोष नव्हे. दुधाजवळ पाच अंशावर ठेवलेलं बेरिंग आकसणार किती? मग भाभी गेल्या, खिरीची वाटी हातात राहिली, आणि मी हिशेब नीट मांडला. बेरिंग अडकलं ते त्यांच्या भिडेमुळे असेल, किंवा बाहेरच्या मालामुळे असेल, किंवा मी थेंब नाचल्यावर आणखी दोन मिनिटं थांबलो नाही म्हणून असेल. पण अडकलं म्हणून कुणी मरत नाही. ठोके मी मारले. आतल्या कडीवर मारले. कारण माहीत असताना मारले. खीर गोड होती आणि मी ती सगळी खाल्ली.

संध्याकाळ मी कशी काढली ते सांगता येणार नाही, कारण वरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. मी वर्तमानपत्र वाचलं. आईला पाणी दिलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: बेरिंग खराब झालं की नाही हे बघायचा एकच मार्ग आहे, ते बाहेर काढणं. आणि घट्ट बसलेलं बेरिंग बाहेर काढायचं तर आतली कडी धरूनच ओढावं लागतं, म्हणजे चांगलं असलं तरी काढताना ते खराब होणार. बघायला गेलो तर मोडणार, आणि न बघता ठेवलं तर कळणार नाही. मग मलकापूरहून दुसरं येईपर्यंत पुन्हा जीप. मी मनात घाट उतरून बघितला. पहिलं वळण, दुसरं, तिथे दरीच्या बाजूला कठडा तुटलेला आहे. मागचं चाक एकदम धरलं गेलं तर जादा चाकांमुळे गाडी पडणार नाही, फरफटत जाईल, आणि मागून ट्रक येत असेल तर. मग मी स्वतःला सांगायचो की घाटात तीस-पस्तीसच्या वर ती जातच नाही. मग सांगायचो की बोटाला लागलं ते ग्रीसमधला कचरा असेल. मग पुन्हा बोटाला ते लागायचं. बोट माझ्या मांडीवर होतं, बेरिंग अंगणात होतं, आणि तरी लागायचं. या सगळ्यात माझा जीव जात होता आणि माझ्या हातून काही होत नव्हतं, फक्त सांगणं होण्यासारखं होतं, आणि तेच होत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती डबा, पाण्याची बाटली, हेल्मेट घेऊन बाहेर आली. गाडी फाटकाबाहेर काढून बसली, कॅलिपरची कडी गुडघ्याशी सैल केली, पाय वाकवून नीट ठेवला. मी फाटक धरून उभा होतो. तेव्हा सांगितलं. एका दमात, फळ्यासमोर सांगावं तसं: आतली कडी, बाहेरची कडी, छर्रे, खळगे. तीन ठोके. बोटाला लागलेलं. बानोभाभींचं मी सांगितलं नाही, तेवढं तरी केलं. ती ऐकत होती. मधे एकदा आरशात बघून केस आत सारले.

"हैदरभाईले सांगतलं?"

सांगितलं, मी म्हटलं, की बाहेरच्या कडीवर ठोकलं.

मला वाटलं आता ती चिडेल, आणि तिनं चिडावं असं मला फार वाटत होतं. कोपऱ्यावरून दूधवाला गेला, त्यानं सर नमस्कार म्हटलं, मी नमस्कार म्हटलं. मग तिनं विचारलं, किती दिवस चालेल. मी म्हटलं, सांगता येत नाही. आज जाईल की वर्षानं, की काहीच झालं नसेल, की झालं असेल, खरंच सांगता येत नाही. अठरा वर्षांत मी हे वाक्य वर्गात एकदाही म्हटलेलं नव्हतं. आज राहू दे, हैदरभाई रात्री येतात, मी त्यांना सगळं खरं सांगतो, दुसरं मागवू, तोवर जीपनं जा, असं मी म्हणालो, आणि जीप हा शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

"जीपच्या चाकात काय हाय ते कोणं पाह्यलं?" ती म्हणाली. आवाज वर चढला नव्हता. "या चाकात काय हाय ते मले माहीत त झालं."

मी फाटक सोडलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नव्हे, एखाद्या पोराला गणित सुटत नसलं की आपण थोडा वेळ थांबून बघतो तशी. मग तिनं डब्याची पिशवी मागच्या सीटवरून उचलून पुढे पायाशी ठेवली.

"तुमाले आवाज वळखू येते ना? मंग बसा मांगं."

आठ वर्षांत मी एकदाही तिच्या मागे बसलो नव्हतो. आई बसायची, भाजीच्या पिशव्या बसायच्या. मला कुणी कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जादा चाकांवर भार पडतो, तोल बदलतो, आणि तेही शास्त्राला धरूनच झालं असतं. खरं कारण असं की माझे विद्यार्थी या रस्त्यांवर असतात. तिनं ते कधी विचारलं नव्हतं. आताही विचारत नव्हती, नुसती इंजिन चालू करून थांबली होती. आई ओट्यावर येऊन उभी राहिली. मी घरातल्या चपला घातलेल्या होत्या, दाढी केलेली नव्हती. मी बसलो. बसल्याबरोबर गाडी मागे थोडी दबली, आणि मला कळलं की माझं बहात्तर किलो वजन आता त्याच दांड्यावर, त्याच कडीवर, त्याच छर्र्यांवर आलेलं आहे. पोरांना हा प्रश्न परीक्षेत घालता येईल. उतरावं असं वाटलं. उतरलो तर ती एकटी जाणार होती.

गाव संपलं. तिनं आईचं जुनं हेल्मेट मला घालायला लावलं होतं, ते घट्ट होतं, कानांवर दाबून बसलं होतं. हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं, शेवटी सीटखालची पट्टी धरली. ती सरळ बसली होती, पाठ ताठ, मान किंचित डावीकडे कललेली. अकरा वर्षांत तिची पाठ मी इतक्या जवळून इतका वेळ पाहिली नव्हती. मी सारा जीव कानात गोळा करत होतो. घाटाच्या तोंडाशी तिनं वेग कमी केला, एक ट्रक पुढे जाऊ दिला आणि मान न वळवता विचारलं, "काही आयकू येऊन राह्यलं का?"

वारा होता. ट्रकचा आवाज होता. हेल्मेटच्या आत माझाच श्वास घुमत होता आणि त्याच्या पलीकडचं मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि ब्रेकवरची बोटं सैल करून तिनं गाडी उताराला सोडली.